अण्णांचा टीव्ही ओढ्यात सापडला

दिवाळीच्या आधी विकलेला टीव्ही मला संक्रांतीला परत दिसला, घरामागच्या ओढ्यात.

अख्खा टीव्ही नाही, त्याचं मागचं काळं झाकण आणि काचा. त्या झाकणावर अण्णांनी लाल ऑईलपेंटने 'श्री' लिहिलं होतं, १९९६ ला वर्ल्डकपच्या आधी टीव्ही घरी आला त्या दिवशी, आईने हळदकुंकू वाहिल्यावर, त्यामुळे ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. झाकण बेशरमीच्या झुडपात अडकलेलं, आणि खाली पाण्याच्या कडेला जाड जाड काचा, काहींना आतून काळा लेप, काहींना पांढरट भुकटीचा थर, अर्ध्या चिखलात रुतलेल्या. बाजूला कुणाची तरी दोन शेरडं पाणी पीत होती. आमचा ओढा पुढे तीन-चार किलोमीटरवर कृष्णेला मिळतो. मी तिथे बराच वेळ नुसती उभी राहिले, तिळगूळ द्यायला बाहेर पडले होते हे विसरूनच गेले.

तो टीव्ही आम्हीच विकला होता. आमचं घर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, अण्णा गेल्यापासून आई तिथे एकटीच असते, मी पुण्यात आणि दादा-वहिनी कोल्हापूरला. दसऱ्याच्या झाडलोटीला आम्ही सगळे जमलो तेव्हा माळ्यावरचा २१ इंची रंगीत टीव्ही खाली काढला, दहा वर्षं कुणी लावलेला नाही, आई म्हणाली जागा तरी मोकळी होईल. भंगारवाले भाऊ हातगाडी घेऊन येतात, आमच्या आळीत वर्षानुवर्षं तेच. आम्ही तीनशे म्हणालो, ते दीडशे म्हणाले, दोनशेला ठरलं. आईने ते दोनशे देवापुढे ठेवले, अण्णांची वस्तू म्हणून. आणि हातगाडीवर टीव्ही चढवायला मीच एका बाजूने हात लावला होता, हे मला त्या दिवशी ओढ्याच्या काठावर सारखं आठवत होतं.

पुण्यात मी ओला-सुका वेगळा करते, बॅटरीचे सेल वेगळ्या डब्यात साठवते, आणि तरी त्या दिवशी टीव्ही कुठे जाणार हा प्रश्नच मनात आला नाही. विकला म्हणजे मार्गी लागला असंच आपल्याला वाटतं ना. रद्दी विकतो, बाटल्या विकतो, त्यातलंच हे एक. पण रद्दीचा प्रत्येक कागद कुणाला तरी हवा असतो, टीव्हीचं तसं नाही, टीव्हीतलं थोडंच सगळ्यांना हवं असतं आणि बाकीचं, म्हणजे वजनाने अर्ध्याहून जास्त, कुणालाच नको असतं. हे मला त्या भाऊंनीच समजावलं.

दुसऱ्या दिवशी ते आळीत आले तेव्हा मी त्यांना थांबवून विचारलं. भांडायला गेले नव्हते आणि तेही भांडले नाहीत. म्हणाले, "ताई, ट्यूबचं काय येत नाही. घेतच नाही कोण. मागं त्या मानेवर तांब्याची गुंडाळी असती ती, पडद्याच्या भोवतीनं एक कॉईल असती ती, आतलं सर्किटचं किट आन् थोडा पत्रा, येवढ्याचेच पैसे. प्लास्टिकपण काळं, त्याला भाव नाही." मग ट्यूब? "फोडायची आन् टाकायची. मान मोडली की फुस्स करून हवा जाती आत, मग भ्या नाही." त्यांनी हाताचा तळवा दाखवला, अंगठ्याखाली आडवा जुना व्रण होता. हातमोजे वगैरे काही नाही. दोनशे रुपयांत आम्ही त्यांना ते शिसं, त्या काचा, तो धोका सगळं देऊन मोकळे झालो होतो.

मी शिसं म्हटलं कारण खरी गोष्ट तीच आहे. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब म्हणजे मागे निमुळता होत गेलेला काचेचा मोठा भोपळा, आत पूर्ण पोकळी, हवासुद्धा काढून घेतलेली. मागच्या मानेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या जोरावर पडद्यावर आदळतात, त्यातून चित्र दिसतं पण थोडे क्ष-किरणही तयार होतात. ते बाहेर येऊन समोर बसलेल्या माणसांना लागू नयेत म्हणून काचेतच शिसं मिसळलेलं असतं. समोरच्या पडद्यात शिशाऐवजी बहुतेक बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वापरतात, कारण शिशाची काच इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने तपकिरी पडते, पण मागच्या नरसाळ्याच्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त लेड ऑक्साईड असतं, आणि पडदा नि नरसाळं जिथे चिकटवलेलं असतं त्या सांध्यात तर त्याहून कितीतरी जास्त. एका रंगीत ट्यूबमध्ये मिळून साधारण दोन किलोच्या आसपास शिसं, आकाराप्रमाणे कमी-जास्त. जुन्या ब्लॅक अँड व्हाईटमध्ये त्या मानाने खूप कमी.

म्हणजे ज्या शिशाने आम्हाला इतकी वर्षं टीव्हीसमोर मांडी घालून बसू दिलं, क्रिकेट आणि शनिवारचा मराठी पिक्चर बघू दिला, तेच आता ओढ्यात पडलं होतं. ट्यूब अख्खी असेल तोवर ते काचेत बंद असतं, माळ्यावर पडलेल्या टीव्हीपासून कुणाला काही होत नाही, घाबरून आज रात्रीच तो बाहेर काढायची काही गरज नाही. प्रश्न येतो तो फुटल्यावर. फुटलेल्या काचेची धूळ उडते, आणि कचऱ्याच्या ढिगात पाणी जरा आंबट झालं की त्यातून शिसं सुटायला लागतं. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली हेच तपासलं होतं, ट्यूबची काच चुरून सौम्य आम्लात ठेवली तर किती शिसं उतरतं, तर रंगीत ट्यूबचं सरासरी प्रमाण आलं लिटरला १८.५ मिलीग्रॅम. तिथे कचरा धोकादायक ठरवायची मर्यादा आहे ५. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. आमच्या ओढ्यावर उन्हाळ्यात आळीतली निम्मी पोरं खेकडे धरायला असतात, मी आणि दादाही तिथेच मोठे झालो.

त्या काचा मी वेचल्या. दादाला फोन केला तर तो म्हणाला तू हात लावू नकोस मी रविवारी येतो, पण मला राहवलं नाही, बागेतले जाड हातमोजे, तोंडाला ओला रुमाल, पत्र्याचा डबा आणि चिमटा घेऊन गेले आणि दोन तासांत दिसतील तेवढ्या काढल्या. झाडूने झाडल्या नाहीत, धूळ उडते म्हणून. सगळं जाड गोणीत भरून त्यावर दुसरी गोणी. अंदाजे निम्मी काच मिळाली असेल, बाकीची गाळात गेली.

आता घरात अजून दोन टीव्ही होते. वरच्या खोलीत २००३ च्या वर्ल्डकपच्या वेळी घेतलेला २९ इंची फ्लॅट, तोही ट्यूबवालाच, आणि खाली ३२ इंची एलसीडी ज्याचा आवाज यायचा पण पडदा काळा. हे दोन्ही मी नीट मार्गी लावणार असं आईला सांगितलं आणि तिथून दीड महिना गेला.

पहिलं म्हणजे कंपनी. नियम असे आहेत की कंपनीने विकलेल्या मालाची शेवटी विल्हेवाट लावायची जबाबदारी कंपनीचीच. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, २०१६ ला बदलले आणि सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून. टीव्ही त्यात पहिल्यापासून आहे. म्हणून मी २९ इंचीच्या कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला, तर पहिल्यांदा मुलीला वाटलं मला सर्व्हिसिंग हवंय, दुसऱ्यांदा तिने पिनकोड विचारला आणि आमच्या पिनकोडला पिकअप नाही असं सांगितलं, तिसऱ्यांदा म्हणाले जवळच्या केंद्रावर आणून द्या, आणि जवळचं केंद्र पुण्यात. ५० किलोच्या आसपासचा टीव्ही. आणि ही तर चालू असलेली कंपनी झाली. अण्णांच्या वेळच्या किती कंपन्या आज उरल्यात? क्राऊन, वेस्टन, डायनोरा, आपल्या औरंगाबादचं व्हिडिओकॉन, त्यांचे टीव्ही महाराष्ट्रातल्या माळ्यांवर अजून शेकड्यांनी पडलेत आणि त्यांच्यासाठी फोन कुणाला करायचा हेच कळत नाही.

व्हिडिओकॉनवरून आठवलं, ट्यूबच्या काचेची सगळी गोष्ट या नावापाशी येते. पूर्वी जुन्या ट्यूबला किंमत होती. गावोगावचे टीव्ही दुरुस्तीवाले सांगतात की डल झालेल्या ट्यूबची गन, म्हणजे मानेतला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, बदलून ती परत वापरायचे, आणि फुटलेली काच साफ करून वितळवून नव्या ट्यूबसाठी वापरता यायची. शिशाच्या काचेचं सगळ्यात चांगलं काय करायचं तर परत तीच काच. गुजरातमध्ये भरूचला व्हिडिओकॉनची अशी काचेची भट्टी होती, आणि जगात सगळीकडे ट्यूबवाले टीव्ही बंद व्हायला लागले तेव्हा अमेरिकेतून सुद्धा जुनी काच तिथे यायची, कारण दुसरीकडे कुणी घेईना. मग आपल्याकडेही सगळे एलसीडी-एलईडीचे पातळ टीव्ही घ्यायला लागले, नव्या ट्यूबच बनेनात, भट्टी बंद पडली, आणि जुन्या काचेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. भंगारवाले भाऊ म्हणाले ना "घेतच नाही कोण", त्याचं मूळ इथे आहे.

नगरपालिकेत गेले तर तिथल्या माणसाने सहानुभूतीने ऐकलं, म्हणाला मॅडम घंटागाडीत टाका. मी म्हटलं घंटागाडीतून कुठे जाईल, तर म्हणाला डेपोवर. म्हणजे ओढ्याऐवजी डेपो. तिथेही फोडणारच.

शेवटी पुण्यालाच न्यायचं ठरलं. पुण्यात ही सोय बरीच बरी आहे हे मला तोवर नीट माहीतच नव्हतं. कचरावेचकांची स्वच्छ संस्था घरोघरचा कचरा तर घेतेच पण ई-कचरा आणि जुन्या वस्तूही वेगळ्या गोळा करते, पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ठराविक दिवशी संकलन ठेवतात, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाईटवर परवानाधारक रीसायकलरची यादी असते. त्या यादीतल्या एकाशी बोलले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "टीव्ही अख्खा आहे का? मागचं झाकण उघडलंय का?" कारण लोक तांबं काढून घेऊन रिकामी ट्यूब पाठवतात. तांबं आणि किट विकूनच काच हाताळायचा खर्च निघतो, तेच गेलं तर त्यांना उलट खिशातून घालावे लागतात. हे ऐकल्यावर मला सगळा हिशोब एकदम कळला. आम्हाला मिळालेले दोनशे रुपये म्हणजे त्या काचेच्या सोयीचेच पैसे होते. तांब्याचे पैसे आपण घरी घेतले की काचेचे पैसे ओढा भरतो.

नेण्याबद्दल थोडं सांगते कारण बऱ्याच जणांना न्यायची वेळ येईल. झाकण उघडायचं नाही, अजिबात नाही, टीव्ही बंद करून कितीही दिवस झाले तरी ट्यूबमध्ये चार्ज उरलेला असू शकतो आणि तो झटका साधा नसतो. ट्यूबवाल्या टीव्हीचं वजन सगळं पुढे असतं त्यामुळे दोघांनी उचलायचं आणि पडदा आपल्या पोटाकडे ठेवायचा. गाडीत ठेवताना पडदा सीटच्या पाठीला टेकवून, मध्ये जाड गोधडी, आणि मागची मान कशालाही लागणार नाही अशी मोकळी. आम्ही दादाच्या गाडीची मागची सीट आडवी करून नेला, आईची जुनी गोधडी खाली, आणि ओढ्यातल्या काचांची गोणी डिकीत. खंबाटकीचा घाट येईपर्यंत दादा चाळीसच्या वर गेलाच नाही.

रीसायकलरकडे मला आत थोडं बघायला मिळालं. एका टेबलावर पडदा खाली करून ट्यूब ठेवतात, आधी छोटं भोक पाडून सावकाश हवा आत सोडतात, मग सांध्यावर चर पाडून गरम तारेने काच तापवतात आणि गार केली की ती बरोबर सांध्यावर तडकते, पडदा वेगळा, नरसाळं वेगळं. पडद्याच्या आत लोखंडी पत्र्याची बारीक जाळी असते ती निघते, आणि मग ती पांढरट भुकटी, जिच्यामुळे रंग दिसायचे, ती व्हॅक्यूमने ओढून घेतात, हाताने कुणी शिवत नाही. शिशाची काच पुढे शिसं गाळणाऱ्या कारखान्यात जाते, आणि ज्याचं काहीच होत नाही ते रांजणगाव किंवा तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या बंदिस्त जागेत. तिथे मास्क घातलेला एक मुलगा काम करत होता, मला राहून राहून भाऊंचा तळवा आठवत होता, काम तेच पण एकाकडे टेबल, पंखा, मास्क आणि दुसऱ्याकडे दगड. माझी गोणी त्यांनी वजन करून ठेवून घेतली, पैसे दिलेही नाहीत आणि मागितलेही नाहीत.

एलसीडीची गोष्ट वेगळी झाली. त्यात शिशाची काच नाही पण त्या काळच्या एलसीडीत पडद्यामागे बारीक नळ्या असतात, ट्यूबलाईटच्या धाकट्या भावासारख्या, आणि प्रत्येकीत काही मिलीग्रॅम पारा. नंतर आलेल्या एलईडी टीव्हीत तो नाही. हातोडा मारला की पारा हवेत. पण मुळात आवाज येतोय आणि पडदा काळा म्हणजे टीव्ही मेलेलाच नसतो, बॅकलाईट गेलेली असते. माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांनी बॅटरी मारून दाखवली, पडद्यावर अंधुक चित्र होतं! पुण्याच्या तपकीर गल्लीत एलईडी पट्ट्यांचं किट मिळतं ते आणून त्यांनी नळ्या काढून पट्ट्या बसवल्या, साडेबाराशे रुपये झाले, आणि काढलेल्या नळ्या न फोडता पेपरात गुंडाळून खोक्यात घालून मला परत दिल्या, त्या जुन्या सीएफएलबरोबर संकलनाच्या दिवशी दिल्या. टीव्ही आता आईच्याच खोलीत चालू आहे. नवीन घ्यायचा राहिला. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन नीट रीसायकल झालेला फक्त २२.३ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्यामुळे मला आता वाटतं की आधी दुरुस्तीवाल्याकडे जावं आणि त्याने हात टेकले तरच रीसायकलरकडे.

पैशाचं सरकारलाही कळतंय असं दिसतं. कंपन्यांनी रीसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची, म्हणजे तेवढा कचरा मार्गी लावला असं धरलं जातं, आणि टीव्ही-फ्रीजसारख्या वस्तूंना किलोमागे किमान २२ रुपये द्यायचे असा दर ठरवला, त्यावर मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. मला ते २२ रुपये अजिबात जास्त वाटत नाहीत. पण ही प्रमाणपत्रं मोजली जातात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियमवर. म्हणजे भंगारवाल्या भाऊंना जे हवं तेच कायद्यालाही हवं, आणि ज्या शिशाच्या काचेसाठी एवढी धडपड करायची तिचं कागदावर मोल नाही. हे बदलायला पाहिजे, काचेच्या किलोला पैसे मिळाले तर एकही ट्यूब ओढ्यात जाणार नाही, कुणाला उपदेश करायची गरजही पडणार नाही.

मग मी आमच्यापुरतं तेच करून बघायचं ठरवलं. होळीला गावी गेले तेव्हा भाऊंना गाठलं आणि म्हटलं, अख्खा टीव्ही, झाकण न उघडलेला, माझ्यासाठी बाजूला ठेवलात तर तांब्याचे जे सुटतात तेवढे मी देते, वर शंभर रुपये. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, "ताई, तुम्ही काय करणार त्येचं?" म्हणाले. मी ओढ्यातली गोष्ट सांगितली, मुलांची सांगितली. त्यांचा नातू आमच्या आळीच्याच शाळेत आहे. थोडं थांबून म्हणाले, ट्यूब फोडायच्या जागी आमची पोरंपण असत्यात.

आळीत फिरून विचारलं तर अकरा घरांत मिळून सात टीव्ही निघाले, माळ्यावर, गोठ्यात, एक तर जिन्याखाली त्यावर कुंडी ठेवलेला. शेजारच्या काकूंनी अजून द्यायचा की नाही ठरवलेलं नाही, त्यांच्या टीव्हीवर विणलेला रुमाल आहे आणि काकांनी पहिल्या बोनसमधून घेतलेला आहे, त्यांना मी घाई केलेली नाही, माळ्यावर अख्खा आहे तोवर काही बिघडत नाही. बाकी सहा आणि भाऊंकडचे तीन असे नऊ टीव्ही गणपतीच्या आधी टेम्पोने पुण्याला जातील, टेम्पोचं भाडं आळीने वर्गणीत धरलंय. भाऊंनी त्यांचे तीन पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या टायरमध्ये पडदा खाली करून ठेवलेत, वर गोणपाट टाकलंय. परवा फोन आला होता, चौथा आलाय म्हणाले, २५ इंची, लाकडी कॅबिनेटचा, घेऊ का?